पक्षाला दिलेला चंदा आणि आपलं नाव: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी राजेंद्र नगरातल्या शेजाऱ्यांची आयकर विवरणपत्रं भरून देते. जून-जुलैत लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. त्यात कधी एखाद्या पक्षाची पावती निघते आणि मग आवाज खाली येतो. ‘काकू, हे कुणाला कळेल का?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं ठरवलं. गणपतीची ती वर्गणी आणि पक्षाचा तो चंदा, असा फरक आपल्याकडे बोलण्यात आहेच. कायद्यातही तो आहे आणि तो का आहे हे समजलं की बरेच प्रश्न सुटतात.

मत गुप्त असतं, मग चंदा गुप्त का नाही?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या इंदूरमध्ये ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, २ लाख १८ हजार ६७४ मतं पडली. देशभर चर्चा झाली. पण त्यांतलं एक मत कोणत्या घरातून आलं हे आजही कुणी सांगू शकत नाही आणि विचारूही शकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातल्या कलम ९४ प्रमाणे तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला न्यायालयही भाग पाडू शकत नाही. कलम १२८ प्रमाणे मतमोजणीच्या कामावरच्या माणसांवरही गुप्तता राखण्याचं बंधन आहे.

हे संरक्षण देता येतं, कारण मत एकाला एकच असतं. सांवेर रोडवरच्या कारखानदाराचं आणि त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचं मत सारख्याच वजनाचं. पैशाचं तसं नाही. मोठा चंदा देणाऱ्यासाठी पक्षाचं दार जितक्या लवकर उघडतं तितकं आपल्यासाठी उघडत नाही. आत काय बोलणं झालं हे कळायचा मार्ग नसेल, तर निदान दारातून कोण गेलं एवढं तरी मतदाराला कळलं पाहिजे. सगळ्या प्रकटीकरणाच्या कायद्यांचा पाया हा आहे.

गुप्तदान तर पुण्याचं मानतात. पक्षाला गुप्तपणे दिलं तर चूक काय?

हा प्रश्न मला एका आजींनी अगदी मनापासून विचारला होता. खजरान्याच्या गणपतीच्या दानपेटीत टाकलेल्या नोटेच्या बदल्यात कुणाला रस्त्याचा ठेका मिळत नाही, जमिनीचा वापर बदलून मिळत नाही. पक्ष मात्र उद्या सरकार होतो. गुप्तदानात घेणाऱ्यालाही देणारा ठाऊक नसावा अशी अपेक्षा असते. राजकीय ‘गुप्त’ चंद्यात देणारा घेणाऱ्याला पक्का ठाऊक असतो, अंधारात राहतात ते फक्त मतदार.

माझं नाव किती रकमेनंतर जाहीर होतं?

एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक दिले तर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९सी प्रमाणे पक्षाच्या कोषाध्यक्षाने अशा देणगीदारांचा अहवाल दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यायचा असतो. त्याचा नमुना ‘फॉर्म २४ए’ या नावाने ओळखला जातो. ही तरतूद २००३ साली आली. अहवाल वेळेत दिला नाही तर पक्षाची आयकरातली सूट जाते. आयोग हे अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकतो, ते कुणालाही उघडून बघता येतात.

त्याच्या आत दिलं तर कुणालाच कळत नाही ना?

जाहीर होत नाही, एवढंच. पक्षाला कळतं, चेक किंवा यूपीआय असेल तर बँकेला कळतं आणि करसवलत मागितलीत तर आयकर खात्यालाही कळतं. रोख द्यायचं असेल तर २०१७ पासून मर्यादा २,००० रुपयांची आहे. त्यावर पक्षाने रोख घेतली तर त्याची करसूट धोक्यात येते.

ही २०,००० ची रेघ मला मनापासून पटते. पेन्शनीतून पाच हजार देणाऱ्या मास्तरांचं राजकीय मत गल्लीत फिरावं याची काही गरज नाही. त्यांच्या पाच हजारांनी कुठलंही धोरण वळत नाही.

अठरा-अठरा हजारांचे तीन चेक दिले तर नाव टळेल का?

कायद्याचे शब्द ‘त्या आर्थिक वर्षात कोणत्याही व्यक्तीकडून’ असे आहेत. म्हणजे एकाच नावाने तुकडे पाडले तरी बेरीज ५४,००० होते आणि नाव यायला हवं. खरी पळवाट दुसरी आहे. पैसा एकाचा आणि पावत्या अनेकांच्या नावाच्या, किंवा नाव न लिहिता घेतलेली छोटी रोख. बहुजन समाज पक्षाने तर कित्येक वर्षं सलग आयोगाला कळवलं की २०,००० वरची एकही देणगी मिळालेली नाही. एकट्या त्याच पक्षाचं कशाला बोलायचं, मोठ्या पक्षांच्या उत्पन्नातही नाव नसलेल्या स्रोतांचा भाग दिसत आला आहे. छोट्या माणसाच्या संरक्षणासाठी ओढलेली रेघ मोठ्यांनी आडोसा म्हणून वापरावी याचा मला राग येतो, कारण उद्या कुणी ती रेघच पुसायला निघालं तर नुकसान मास्तरांचं होणार.

यादीत नेमकं काय छापलं जातं?

नाव, पूर्ण पत्ता, पॅन, रक्कम आणि ती कशी दिली हे फॉर्ममध्ये भरायचं असतं.

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पक्षाला २५,००० चा चेक दिला. कारण पूर्णपणे माझं होतं. पुढच्या वर्षी पुण्याहून भाच्याचा फोन आला, ‘मावशी, तू यांना पैसे देतेस?’ त्याला यादीत माझं नाव दिसलं होतं आणि त्याखाली घर क्रमांकासकट आमचा पत्ता. नावाबद्दल माझी तक्रार नव्हती. वीस हजारांवर दिलं होतं, नाव यायलाच हवं होतं. पण एकटी राहणारी बाई, तिचं घर कुठलं आणि चेक किती रकमेचा होता, हे तिन्ही एका कागदावर सगळ्या जगाला दिसावं हे मला बरं वाटलं नाही. नाव, शहर आणि रक्कम जाहीर करावी, पत्ता आणि पॅन आयोगाने स्वतःजवळ ठेवावेत, असं माझं मत त्या दिवसापासून आहे. मतदाराला देणारा कोण ते कळायला हवं, त्यासाठी त्याच्या घराचा नकाशा लागत नाही.

निवडणूक रोखे म्हणजे काय होतं? ते बंद का झाले?

२ जानेवारी २०१८ ला ही योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरलेल्या २९ शाखांतून रोखा विकत घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा, पक्षाने तो १५ दिवसांत वटवायचा. मध्य प्रदेशासाठी शाखा भोपाळची होती, म्हणजे इंदूरच्या माणसाला आपल्या शहरात तो मिळतही नव्हता. किमती १,००० रुपये, १०,००० रुपये, १ लाख, १० लाख आणि १ कोटी अशा. रोख्यावर विकत घेणाऱ्याचं नाव नाही आणि पक्षाने ते आयोगाला सांगायची गरज नाही. कलम २९सी मध्ये तशी सूट घालून ठेवली होती. जोडीला कंपनी कायद्यातून देणगीची कमाल मर्यादा काढून टाकली आणि कंपनीने आपल्या हिशोबात पक्षाचं नाव लिहायची अटही काढली.

३० टप्प्यांत मिळून सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. ९० टक्क्यांहून अधिक रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांची होती. म्हणजे हजार रुपयांचा रोखा छोट्या देणगीदारासाठी छापला खरा, पण योजना चालली ती कोटीवाल्यांवर.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना रद्द केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, सोबत संजीव खन्ना, भूषण गवई, जमशेद पारडीवाला आणि मनोज मिश्रा. न्या. खन्ना यांनी सहमतीचा वेगळा निकाल लिहिला. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या काँग्रेसच्या जया ठाकूर हे याचिकाकर्ते होते. मतदाराचा माहितीचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये येतो आणि या योजनेने तो मोडला, असं न्यायालयाने ठरवलं. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणं मनमानी आहे म्हणून तेही रद्द झालं.

स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला खरेदीदारांची आणि पक्षांची यादी आली, पण वेगवेगळी. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले तेव्हा कोणाचा रोखा कोणी वटवला हे जुळवता आलं. सर्वांत मोठा खरेदीदार होता लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग ही कंपनी, १,३६८ कोटींचा. जाहीर झालेल्या, १२ एप्रिल २०१९ नंतरच्या काळातली सर्वाधिक रक्कम, सुमारे ६,०६० कोटी, भारतीय जनता पक्षाला मिळाली होती. तृणमूल काँग्रेस आणि काँग्रेस त्यानंतर.

पण नाव झाकल्यामुळे दुसऱ्या पक्षाच्या सरकारपासून संरक्षण मिळत होतं, हे खरं नाही का?

या प्रश्नाला मी झटकून उत्तर देत नाही. विचारणारी माणसं खोटी भीती घालत नसतात. सियागंजातल्या एका व्यापाऱ्याने मला सांगितलं होतं, ‘काकू, मला दोघांनाही द्यावं लागतं आणि दोघांनाही दुसऱ्याचा आकडा कळू नये असं वाटतं.’ सत्ता बदलली की जीएसटीची माणसं दुकानात येतील, नगर निगमाचं नोटीस निघेल, ही धास्ती रोजच्या धंद्यातली आहे.

पण रोख्यांनी त्याला वाचवलं का? रोखा घेताना बँकेत केवायसी लागायचं. नोंद स्टेट बँकेजवळ होती आणि स्टेट बँक सरकारी. प्रत्येक रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक होता. तो अतिनील प्रकाशात दिसतो हे पत्रकारांनी २०१८ मध्येच दाखवून दिलं. तपास यंत्रणेने फौजदारी गुन्ह्यात मागितलं तर माहिती द्यायची तरतूद योजनेतच होती. म्हणजे ज्याची भीती वाटते त्या सत्तेला कळण्याचे रस्ते उघडे आणि मतदारासाठी दार बंद. माझ्या व्यापाऱ्याची भीती जिथल्या तिथेच राहिली.

न्यायालयाने खासगीपणा नाकारला, असं बरेच जण समजतात. तसं नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. रोख्यांच्या निकालात तो धागा पुढे नेऊन म्हटलं की राजकीय कल हा माहितीच्या खासगीपणाचा भाग आहे आणि देणगीतून तो कल दिसतो, म्हणून देणगीलाही संरक्षण आहे. मात्र विचाराला पाठिंबा म्हणून दिलेला पैसा आणि धोरण वळवण्यासाठी दिलेला पैसा यांत न्यायालयाने फरक केला. संरक्षण पहिल्याला. दोन हक्क समोरासमोर आले की दोन्ही तोलायचे आणि तो तोल २०,००० च्या रेघेत आधीच होता, असं त्यांनी दाखवलं.

सूडाची भीती असेल तर इलाज सूड घेणाऱ्यावर व्हायला हवा. यादी उघडी असली की निदान कुणी तपासून तरी बघू शकतं, की देणगीनंतर छापा पडला की छाप्यानंतर देणगी आली. बंद यादीत तेही शक्य नसतं.

माझी प्रायव्हेट लिमिटेड आहे. कंपनीतून द्यावं का?

देता येतं, पण कंपनी कायदा २०१३ चं कलम १८२ आता पुन्हा पूर्ण ताकदीने लागू आहे. कंपनीला किमान तीन वर्षं झालेली असावीत. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता येतं. संचालक मंडळाचा ठराव हवा आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव व रक्कम लिहायला हवी. मोडलं तर देणगीच्या पाचपट दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हा वाद नवा नाही. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात टाटा स्टीलच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कंपन्यांच्या देणग्यांमुळे लोकशाहीला धोका आहे असा इशारा दिला होता. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदीच आली. ती १९८५ मध्ये उठली. बंदीच्या सोळा वर्षांत पैसा थांबला नाही, तो काळा होऊन वाहिला. म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही, उघड हिशोबाच्या बाजूची आहे.

इलेक्टोरल ट्रस्टमधून दिलं तर?

देणगीदारांकडून पैसे घेऊन ते पक्षांना वाटणारे हे ट्रस्ट २०१३च्या योजनेखाली चालतात. वर्षात आलेल्या पैशांतले किमान ९५ टक्के पक्षांना वाटावे लागतात. कोणी ट्रस्टला किती दिलं आणि ट्रस्टने कोणत्या पक्षाला किती दिलं, हे दोन्ही जाहीर होतं. मात्र तुमचे पैसे कोणत्या पक्षाकडे गेले ही गाठ बऱ्याचदा जुळत नाही. रोखे गेल्यावर मोठा पैसा इकडे वळला आहे, त्यामुळे यावर नजर ठेवायला हवी.

मी सरकारी नोकरीत आहे.

देऊ नका. केंद्राच्या १९६४च्या आणि मध्य प्रदेशच्या १९६५च्या आचरण नियमांत, दोन्हीकडे नियम ५ मध्ये, राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास मनाई आहे. निवृत्तीनंतर हा अडसर नाही.

मुलगा अमेरिकेत आहे. तो इथल्या पक्षाला देऊ शकतो का? आणि तिथल्या?

त्याचं पारपत्र कोणतं यावर सगळं आहे. भारतीय पारपत्र असेल तर तो भारतीय नागरिक आहे आणि इथल्या पक्षाला देऊ शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी परदेशी अंशदान नियमन कायद्यापुढे तो परदेशी ठरतो, म्हणून देऊ नये.

तिथलं उलट. एच-वन-बी व्हिसावर असताना अमेरिकन निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर येतं. तिथे केंद्रीय उमेदवाराला २०० डॉलरवर दिलं की नाव, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचं नाव सार्वजनिक होतं. त्याच देशात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला सदस्यांची यादी अलाबामा राज्याला देण्यापासून वाचवलं होतं, कारण नावं बाहेर आली असती तर त्या माणसांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात होते. दुबळ्याचं नाव झाकायचं, बलवानाचं उघडं ठेवायचं, ही दिशा दोन्हीकडे सारखी आहे.

कुणीतरी म्हणतं, ‘एक लाखाचा चेक द्या, पंच्याण्णव हजार रोख परत घ्या, टॅक्स वाचेल.’ करू का?

नाही, नाही आणि नाही. पक्षाच्या देणगीवर करसवलत देणाऱ्या, १९६१च्या आयकर कायद्यातल्या ८०जीजीसी या कलमाच्या नावाने हा व्यवहार चालतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, गुन्हा तोच. कुणी ऐकलेले नसतील असे नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष यासाठी वापरले जातात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध मोठी तपासणी सुरू केली. त्याआधीच्या धाडींत मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्ही होते. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्षांची नावं यादीतून काढली. विवरणपत्रात आता देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड द्यावा लागतो. पकडलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. आधीच करून बसला असाल तर नोटीस यायची वाट बघू नका, सुधारित विवरणपत्र भरून टाका.

प्रामाणिक देणगीलाही एक गोष्ट लक्षात ठेवा: ही वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, रोखीवर मिळत नाही.

पक्षाला माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो का?

३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकारात उत्तर द्यायला बांधील संस्था, ठरवलं. पक्षांनी तो आदेश पाळला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आज अर्ज पाठवलात तर उत्तराची आशा कमी. निवडणूक आयोगाला मात्र अर्ज चालतो.

पक्षाऐवजी थेट उमेदवाराला दिलं तर? आणि त्याचा हिशोब कुठे बघायचा?

थेट उमेदवाराला दिलेल्या पैशावर करसवलत नाही. उमेदवाराला अर्ज भरण्याआधी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. मध्य प्रदेशात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख ही खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या एकूण खर्चाला मात्र मर्यादाच नाही. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे कलेक्टरकडे द्यायचा. कुणाकडून किती मिळाले हेही त्यात असतं. महापौर आणि पार्षदांचं वेगळं, ते राज्य निवडणूक आयोगाकडे.

निवडणूक आचरण नियम १९६१ मधल्या नियम ८८ प्रमाणे हा हिशोब कुणीही बघू शकतो. शुल्क एक रुपया. प्रमाणित प्रत हवी तर तिचे पैसे वेगळे. मोती तबेल्यावरच्या कलेक्टर कार्यालयात निवडणूक शाखेत जायचं, उमेदवाराचं नाव, मतदारसंघ आणि वर्ष लिहून साधा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. दुपारच्या जेवणाच्या आधी गेलात तर बरं. ‘कशाला हवंय?’ असं विचारलं तर नियमाचा क्रमांक सांगा, कारण सांगावं लागत नाही.